घरी स्विमिंग पूल करायचा का? आमचं काय ठरलं आणि का

बुकिंगच्या फोनवर आता ठरलेले प्रश्न असतात. खोलीला एसी आहे का, समुद्र किती लांब, मासे घरचे मिळतील का, आणि मग "पूल आहे का हो?" नाही म्हटलं की दहातले चार-पाच जण "बरं, कळवतो" म्हणून ठेवून देतात आणि कळवत नाहीत. कर्जत, अलिबाग, लोणावळा साइडला पूल नसलेला बंगला आता कुणी बघतच नाही असं नवऱ्याचा मित्र सांगतो, त्याचा तिकडे भाड्याने देण्याचाच धंदा आहे त्यामुळे तो उगाच बोलत नसणार. आमचं घर दापोलीपासून तासाभरावर, घराला लागूनच चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात, जेवणखाण मी आणि सासूबाई करतो. तर या वर्षी नवऱ्याने मनावर घेतलं की करूनच टाकू. कोटेशन मागवलं, आठ-दहा लाखांच्या घरात आलं, घरात दोन महिने दुसरा विषय नाही. जे काही शोधलं, विचारलं, मोजलं ते सगळं इथे लिहितेय कारण कोकणात घरी पूल करायचा म्हणून विचार करणारे आता खूप जण आहेत आणि कॉन्ट्रॅक्टर सांगतो ती अर्धीच गोष्ट असते.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात तो पाण्याचा. वाडीत नळाला दिवसाआड पाणी आणि तुम्ही पोहायला टाकी बांधणार? मलाही तेच वाटत होतं. म्हणून वही घेऊन बसले.

आम्ही बघत होतो तो पूल ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, सव्वा मीटरच्या आतबाहेर खोल. म्हणजे साधारण २१-२२ हजार लिटर पाणी. आकडा ऐकून दचकायला होतं पण हे पाणी एकदाच भरायचं असतं, पूल काही बादलीसारखा रोज ओतून भरत नाहीत, तेच पाणी फिल्टरमधून फिरत राहतं. आणि आपल्याकडे पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या वर. आमचं कौलारू छप्पर धरा १३० चौरस मीटर, वाया जाणारं सोडून दिलं तरी एका पावसाळ्यात तीन लाख लिटरपेक्षा जास्त पाणी नुसतं पागोळ्यांतून अंगणात पडून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला जातं. जुलैतल्या दोन-तीन जोरदार दिवसांत पूल भरला असता, विहिरीला हातही न लावता.

खरं पाणी जातं ते नंतर. उन्हाने आणि वाऱ्याने रोज साधारण ५ मिलिमीटर धरलं तर १८ चौरस मीटरवरून ९० लिटर रोज उडून जातात. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांचं गणित मांडलं तर जेवढा पूल भरला तेवढाच पुन्हा एकदा हवेत जातो! वर आठवड्याला फिल्टर उलटा धुवायचा, बॅकवॉश म्हणतात त्याला, त्यात तीन-चारशे लिटर. सगळं मिळून रोजचे १४० लिटर धरा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरलेत, म्हणजे पूल अडीच माणसांचं पाणी पिणार. दुसऱ्या बाजूने बघितलं तर शॉवरखाली उभा राहणारा मुंबईचा एक पाहुणा शंभर-सव्वाशे लिटर सहज वापरतो, आणि आम्ही आठ-दहा पाहुणे घेतो तेव्हा वाडीत कुणी काही म्हणत नाही. पुलावर रात्री आणि रिकाम्या वेळी कव्हर घातलं तर उडणारं पाणी निम्म्याच्याही खाली येतं. म्हणजे वर्षभराचं म्हणून बघाल तर पाणी हे पूल न करण्याचं कारण नाही, हे मी आता ठामपणे म्हणू शकते, वाडीतल्या बैठकीतही म्हणेन.

पण वर्षभराचं बघून चालत नाही, मे महिन्याचं बघावं लागतं. मे मध्ये आमच्या विहिरीचा पंप वीस-पंचवीस मिनिटं चालला की हवा खेचायला लागतो, मग तीन-चार तास थांबायचं, झऱ्याचं पाणी साठू द्यायचं आणि परत चालू करायचा. तेव्हा १४० लिटर म्हणजे नारळा-पोफळीच्या वाट्याचं पाणी. जांभा हा दगडच असा की पावसाळ्यात सगळं पाणी शोषून घेतो आणि तितक्याच वेगाने खाली समुद्राकडे सोडून देतो, त्यामुळे एवढा पाऊस पडून एप्रिल-मे मध्ये कोकणात टँकर फिरतात. आणि पाहुण्यांना पूल हवा असतो नेमका तेव्हाच, शाळेच्या सुट्टीत. पाणी मुबलक असतं त्या जुलैमध्ये पोहायला कोण येतंय, आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाणी इतकं गार की पोरंसुद्धा पाय घालून बाहेर येतील. राहिले ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारीपासून पुढे. कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर मात्र बारा महिने पूल भरलेला आणि बारा महिने बुकिंग. ज्यांना पूल करायचाय त्यांनी एवढं एकच करा, मे च्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या विहिरीत डोकावून मग कोटेशन मागवा.

आता जमिनीचं सांगते कारण हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं आणि ऐकल्यावर झोप उडाली. फायबरचा तयार पूल स्वस्त पडतो, कारखान्यातून अख्खा येतो, खड्ड्यात बसवला की झालं. आमच्याकडे तो येणारच नाही कारण घरापर्यंत पाखाडी आहे, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, क्रेन कुठून आणणार, पण ज्यांच्याकडे रस्ता आहे त्यांनीसुद्धा ऐका. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, आमच्या परड्यात तर जुलैमध्ये फूटभर खणलं तरी पाणी लागतं. अशा वेळी कुणी पूल साफ करायला म्हणून रिकामा केला तर खालचं पाणी त्याला उचलतं. भरलेला असताना आतलं वीस टन पाणी त्याला दाबून धरत असतं, ते गेलं की हलका पूल होडीसारखा वर येतो, आणि आरसीसीचा असेल तर तळाला तडे जाऊ शकतात. त्यामुळे तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह हवाच, आणि पावसाळ्यात पूल रिकामा करायचा नाही म्हणजे नाही. दोन कॉन्ट्रॅक्टरशी बोललो, एकानेही हे आपण होऊन सांगितलं नाही. विचारल्यावर एक म्हणाला, "हो हो, तो टाकू की व्हॉल्व्ह, एक्स्ट्रा पडेल."

मग मेंटेनन्स. १ एचपीचा पंप रोज सहा ते आठ तास, म्हणजे दिवसाला पाच-सहा युनिट, महिन्याला दीडशेच्या पुढे, आणि वीजबिलाचे टप्पे असल्यामुळे ही युनिटं वरच्या दराने लागतात. क्लोरिन १ ते ३ पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम), पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) ७.२ ते ७.८ मध्ये, रोज किट घेऊन तपासायचं. आमच्या विहिरीचं पीएच सातच्या खाली आहे (जांभ्याच्या भागात बऱ्याच विहिरींचं तसंच असतं), म्हणजे सोडा टाकून वर आणायचं. एक मोठा पाऊस झाला की सगळं पातळ होऊन परत पहिल्यापासून. लाइट गेली की पंप बंद, आणि उकाड्यात दोन दिवस पाणी फिरलं नाही की हिरवं व्हायला लागतं. आमच्याकडे लाइट जाणं म्हणजे काय हे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर ज्यांनी अंधारात आठवडे काढले त्यांना सांगायला नको. तेवढ्या दिवसांत पूल म्हणजे डासांची पैदास करायची जागा झाली असती.

आणि झाडं! घराभोवती हापूसची कलमं आहेत, मोहोर गळायला लागला की अंगण दिवसातून दोनदा झाडावं लागतं, तुडतुडे आले की खाली सगळं चिकट होतं. तेच सगळं पुलात. शिवाय डिसेंबरपासून कलमांवर फवारण्या चालू होतात, आमच्या आणि शेजारच्याही, वाऱ्याबरोबर ते औषध उघड्या पाण्यावर येणारच आणि त्यात लहान मुलं डुंबणार, हे मला कुठल्याच हिशोबात बसवता आलं नाही. कलमं तोडा असं एकाने सुचवलं. त्याला चहा देऊन पाठवलं.

एक अजून, सॉल्ट पूल करा म्हणून फार आग्रह होतो हल्ली, क्लोरिनचा वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत वगैरे. मुळात तिथेही मिठापासून क्लोरिनच तयार होतं. लिटरला तीन-साडेतीन ग्रॅम मीठ असलेलं ते बॅकवॉशचं पाणी जाणार कुठे? आमची विहीर तिथून चाळीस फुटांवर, मध्ये सगळा जांभा, भोकाभोकांचा. समुद्राकाठच्या गावात आधीच खाऱ्या विहिरींची भीती, आपण आणखी मीठ कशाला ओतायचं. ज्यांची विहीर किंवा बाग जवळ आहे त्यांनी सॉल्टच्या नादाला लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं सगळं असूनही खरं सांगायचं तर यातल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे. पागोळ्यांचं पाणी, कव्हर, व्हॉल्व्ह, इन्व्हर्टर नाहीतर जनरेटर, मोहोराच्या दिवसांत बंद. पैसे टाकले की जमतं. नवरा प्रत्येक मुद्द्याला उत्तर शोधून आणत होता आणि ती उत्तरं बरोबर होती. अडलं ते एकाच ठिकाणी, लक्ष कोण ठेवणार.

आमच्या घराला गेट नाही. पुढे गडगा आहे गुडघ्याएवढा, मागे परडं उघडं, वाडीतली पोरं शाळेतून येताना आमच्या अंगणातूनच जातात, पेरू काढतात, पाणी पितात, माझी मुलगीही तशीच सगळ्यांच्या घरी फिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणं चौथ्या नंबरवर आहे. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात आपटत नाही, आवाज न होता मिनिटभरात खाली जातं, आणि त्यासाठी खोल पाणी लागत नाही. ऑस्ट्रेलियात घरच्या पुलाला किमान १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं गेट लागतं, पूल असलेल्या घराला ते कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये पाण्याखालचे निळे दिवे होते, कुंपण नव्हतं! तळाच्या ज्या जाळीतून पंप पाणी ओढतो तिथे केस किंवा हात अडकू नये म्हणून दोन वेगवेगळ्या जाळ्या आणि उंचवट्याचं झाकण लावतात, तेही मी विचारल्यावर आलं.

कुंपण घालू, कुलूप लावू, ठीक आहे, वाडीतल्या पोरांचा प्रश्न सुटला. पाहुण्यांच्या पोरांचं काय? पाहुणे पुलात उतरणार सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात. त्याच वेळी मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात असतो, नारळ खवणं, मासे साफ करणं, दहा जणांच्या भाकऱ्या, तिथून मागचं परडं दिसतसुद्धा नाही. नवरा बाजारात नाहीतर बागेत. चार खोल्यांसाठी जीवरक्षक ठेवणं परवडत नाही, आणि सीझनपुरता पोहता येणारा, माणूस पाण्यातून काढता येणारा पोरगा गावात मिळतही नाही, सगळे मुंबईला. राहिले आईबाप, आणि सुट्टीला आलेले आईबाप पाण्याच्या काठावर कसे बसतात हे समुद्रावर आम्ही दर रविवारी बघतो, पाठ पाण्याकडे आणि डोळे फोनमध्ये, काहींच्या हातात बिअर. "पोहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर उतरावे" असा बोर्ड लावून मला झोप लागली नसती. समुद्र माझा नाही, पण परड्यातलं पाणी माझं आहे.

हे मी एका रात्री नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. सकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगो, आमच्या वेळी पाठीला डबा बांधून विहिरीत सोडायचे, पण काठावर दोन बापये उभे असायचे, एक दोर धरून." नवरा ऐकत होता, काही बोलला नाही, पण त्या आठवड्यात त्याने कॉन्ट्रॅक्टरला फोन करून नको म्हणून सांगितलं.

तर पाहुण्यांसाठी पूल नाही. पुढेमागे नाही असं म्हणत नाही, दीर मुंबईहून परत यायचं म्हणतोय, त्याला पोहता येतं, घरात दिवसभर मोकळा असलेला एक माणूस वाढला तर परत वही काढू, आणि तेव्हा तो साडेतीन फुटांपेक्षा खोल नसेल आणि कुंपण आधी, खड्डा नंतर. वेबसाइटवर "पूल नाही, समुद्र पंधरा मिनिटांवर, ओहोटी-भरतीच्या वेळा आम्ही सांगू" असं सरळ लिहून टाकलंय. त्याने काही बुकिंग जाणार, जाऊ देत.

पैशातला एक भाग मात्र वळवलाय. छपराच्या तिन्ही बाजूंना पन्हळ लावून पाणी आधी रेती-खडीच्या खड्ड्यात आणि तिथून विहिरीत सोडायचं काम चालू आहे, प्लंबर चिपळूणचा आहे, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढायला वेगळा कॉक ठेवायला सांगितलंय त्याला. आणि मुलगी या सुट्टीत पुण्याला मामाकडे राहून टिळक तलावावर पोहायला शिकणार आहे, मीही तिच्याबरोबर नाव घालतेय.