तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनीचं काम का घेत नाही?

लग्नात, तेरवीत, सेलूच्या बाजारात एकच प्रश्न. "सर, आरोग्य विम्याचा एवढा अभ्यास करता, तर एखाद्या कंपनीसाठी करा ना. चार पैसे तरी येतील." आता लिहूनच टाकतो.

काकाजींची पॉलिसी मीच काढून दिली, 2019च्या जुलैत. ओसरीत बसून अर्जही मीच भरला. बीपी आहे का, या प्रश्नावर काकाजी म्हणाले, "मले काय धाड भरली?" मी 'नाही'वर खूण केली.

2022च्या जानेवारीत रात्री त्यांच्या छातीत कळ आली. नागपुरात जिथं बेड मिळाला ते हॉस्पिटल सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नव्हतं. शिकाऊ डॉक्टरनं काकूला विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? ती थरथरत म्हणाली, "बीपीची हाये ना. चार-पाच वर्सं झाली असन." केसपेपरवर निळ्या शाईत घाईघाईनं आकडा पडला, 5 म्हणा की 2 म्हणा. डिस्चार्ज कार्डावर तो स्वच्छ 5 छापून आला. क्लेम रिजेक्ट. कारण: आधीचा आजार लपवला.

गोळी खरंच कधी सुरू झाली? गावातले डॉक्टर पट्टी कापून चार-चार गोळ्या हातावर ठेवायचे, कागद कुठलाच नाही. काकू एकदा म्हणाली, मुन्नीच्या लग्नापासून. ते लग्न 2020चं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, त्याच्याही आधीपासून असन. दोन एकर गहाण पडलं. काकाजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण तेव्हापासून विजेचं बिलसुद्धा ते दुसऱ्याकडून वाचून घेतात.

वर्गात मीच शिकवायचो: आजार झाल्यावरच लोक विमा काढू लागले तर सगळ्यांचे हप्ते भडकतात, म्हणून आधीच्या आजाराला चार वर्षांचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम न मिळण्याची मुदत, रास्त आहे. ते गणित आजही चूक म्हणता येत नाही. एप्रिल 2024पासून इर्डानं, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, ती मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. सलग पाच वर्षं हप्ते भरले, की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. आधी ही अट आठ वर्षांची होती. मला आनंद झाला. काकाजी यातही बसले नसते. आणि त्यापायी हप्ता किती वाढेल, कोणाला परवडेनासा होईल, हे कोण मोजणार? इर्डाच्या वार्षिक अहवालात किती क्लेम नाकारले ते येतं. कुठल्या तालुक्यात, कुणाच्या हातच्या कुठल्या आकड्यावरून, ते येत नाही.

म्हणून मी गावोगाव नकाराची पत्रं गोळा करतो. सरकारी योजना आहे ना, म्हणता. आहे, आणि ती हवीच. पण त्या रात्री काकाजींना ती मिळाली नाही.

राहिला पैसा. एकदा एका कंपनीच्या कार्यक्रमात बोललो, मानधन घेतलं. पुढच्याच लेखात 'नाकारलेले' लिहायचं तिथं मी 'प्रलंबित' लिहिलं होतं. मला कुणीही सांगितलं नव्हतं. छापून आल्यावर माझ्या लक्षात आलं.

काकाजींचं पत्रही कपाटात आहे. प्रत्येक पत्रासोबत मी एक तक्ता भरतो. त्यांच्या तक्त्यात 'आजार केव्हापासून' हा रकाना अजून कोरा आहे.