उरलेल्या ऊतकांवरील संशोधन आणि एथिक्स कमिटीची परवानगी : माझा अनुभव

ओरल पॅथॉलॉजीत (तोंडाच्या रोगांचे निदान करणारी शाखा) एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी, करताना प्रबंधासाठी एथिक्स कमिटीची (संशोधनाला नैतिक मान्यता देणारी समिती) परवानगी मिळवण्यात माझा जेवढा काळ गेला, तेवढा पुढे स्लाइड तयार करण्यात आणि त्या वाचण्यातही गेला नाही. विलंबाचे कारण शास्त्रीय असते, तर मी तो विनातक्रार सोसला असता. ते शास्त्रीय नव्हते, म्हणूनच त्याची चीड अजून मनातून गेलेली नाही. आमच्या विभागात नव्याने आलेले विद्यार्थी याच टप्प्यावर येऊन अडतात आणि प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो, त्यामुळे सगळे एकदा लिहून काढत आहे.

माझा विषय अडकलेल्या अक्कलदाढेभोवतीचा डेंटल फॉलिकल हा होता. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास जबड्यात दंतपट्टी तयार होते, तिच्यावर दातांचे अंकुर धरतात आणि ते कळी, टोपी व घंटा या अवस्थांमधून जातात. अक्कलदाढेचा अंकुर मात्र जन्मानंतर काही वर्षांनी धरतो. घडणाऱ्या दाताला वेढून असलेला ऊतकांचा थर म्हणजे फॉलिकल. मुळावरचे सिमेंटम, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू आणि लगतचे हाड हे सारे त्याच्यातूनच घडते. दात वेळेवर बाहेर आला तर हे काम तिथे संपते. दाढ हाडात अडकून राहिली, तर तिच्या माथ्याभोवती फॉलिकल तसाच राहतो आणि त्याच्यासोबत एनॅमल घडवणाऱ्या पेशींचे अवशेषही राहतात. पुढे याच अवशेषांपासून डेंटिजेरस सिस्ट (दाताच्या माथ्याभोवतीची द्रवाने भरलेली पिशवी) होऊ शकते आणि क्वचित अमेलोब्लास्टोमा नावाची गाठही होते. ही गाठ बहुधा खालच्या जबड्याच्या मागच्या भागात वाढते, शरीरात दूरवर सहसा पसरत नाही, परंतु हाड पोखरत जाते आणि अपुरी काढली तर पुन्हा उद्भवते.

ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) सर्वसाधारण दिसणाऱ्या फॉलिकलमधील या पेशी निद्रिस्त असतात की विभाजित होत असतात, हे मला केआय-६७ (विभाजित होणाऱ्या पेशींत आढळणारे प्रथिन) या मार्करच्या साहाय्याने तपासायचे होते, आणि तुलनेसाठी डेंटिजेरस सिस्ट व अमेलोब्लास्टोमा असे दोन गट घ्यायचे होते. विषय ठरला, संख्याशास्त्राच्या सरांनी नमुन्यांची संख्या काढून दिली, सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) लिहून झाला. या कशातही सांगण्यासारखे काही घडले नाही.

अडले ते कमिटीच्या कार्यालयात.

आधी ते का अडले, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण असा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाची अडचण याच जागी असते. माझ्या नमुन्यांचे दोन प्रकार होते. फॉलिकल नव्याने मिळणार होते: ओरल सर्जरी विभागात अक्कलदाढ काढली की तिच्या माथ्याला चिकटून आलेला किंवा खळग्यातून खरवडून काढलेला, ओल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा पातळ, फिकट गुलाबी तुकडा. एरवी तो पिवळ्या पिशवीत टाकला जातो आणि जैववैद्यकीय कचऱ्यासोबत नष्ट होतो. अमेलोब्लास्टोमाचे नमुने मात्र नव्याने जमवणे शक्यच नव्हते, कारण एका कॉलेजात वर्षभरात असे रुग्ण मोजकेच येतात आणि एमडीएस तीन वर्षांत संपते. म्हणून ते विभागाच्या कपाटात अनेक वर्षे जपून ठेवलेल्या पॅराफिन ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या ऊतकाच्या ठोकळ्यांतून) घ्यायचे होते. ज्यांच्या जबड्यातून ते आले, त्या रुग्णांचे निदान आणि उपचार केव्हाच होऊन गेले होते. जुन्या मागणीपत्रांवर कुठे फक्त गावाचे नाव होते, तर कुठे बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक.

कार्यालयाने प्रस्ताव परत केला, तो या एका वाक्यासह: ‘सर्व रुग्णांची संमतिपत्रे जोडावीत.’ जे रुग्ण सापडूच शकत नाहीत त्यांची संमती कुठून आणायची, या प्रश्नाचे उत्तर खिडकीवर कुणाकडेच नव्हते. ‘नियम आहे’ एवढेच सांगितले गेले, आणि कोणता नियम असे विचारले की ‘मॅडम आल्या की विचारा’ असे उत्तर मिळे.

मग मी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे मुळातून वाचायला घेतली, आणि इतरांनाही माझे हेच सांगणे आहे की वरिष्ठांनी दिलेल्या जुन्या अर्जांची नक्कल करण्याआधी ती स्वतः वाचावीत. त्यांत संमतीतून सूट देण्याच्या अटी स्पष्ट दिलेल्या आहेत. पूर्वलक्षी अभ्यासात (आधीच जमलेल्या नमुन्यांवरील किंवा नोंदींवरील अभ्यासात) नमुन्यांवरून रुग्णाची ओळख पुसलेली असेल किंवा रुग्णांशी संपर्क साधणे शक्य नसेल, तर कमिटी अशी सूट देऊ शकते. ओळख काढून टाकलेल्या जैविक नमुन्यांवरील संशोधनालाही ती देता येते. म्हणजे वाट होती, लिखित होती, देशभरातल्या प्रत्येक कमिटीसाठी होती. सूट मात्र आपोआप मिळत नाही. ती मागावी लागते, कारण द्यावे लागते, आणि त्यावर निर्णय कमिटीच घेते. कार्यालयातील लिपिकाला तो अधिकार नाही. सूट मागण्याचा छापील अर्जच आमच्या कार्यालयात नव्हता, आणि अर्ज नाही म्हणून तशी सोयच नाही, अशी तिथे समजूत झालेली होती.

मी साध्या कागदावर स्वतंत्र पत्र लिहिले. त्यात कोणते ब्लॉक, कोणत्या कालावधीतील, त्यांचे निदान पूर्ण झाले आहे का, निदानासाठी पुरेसे ऊतक ब्लॉकमध्ये शिल्लक ठेवले जाईल का, नाव आणि नोंदणी क्रमांक कोण काढून टाकणार, आणि रुग्णाला यातून कोणता धोका संभवतो, हे एकेका परिच्छेदात मांडले. पत्राच्या वर विभागप्रमुखांची सही घेतली. विभागाच्या ब्लॉकचे रक्षण ही त्यांची जबाबदारी असते, म्हणून त्यांची लेखी संमती नसेल तर कमिटीला पुढे विचारच करता येत नाही. हे पत्र आवक नोंदवहीत चढवून घेतले आणि पोच म्हणून प्रतीवर शिक्का मारून घेतला. तो शिक्का पुढे फार उपयोगी पडला, कारण मधल्या काळात एकदा ‘तुमचे असे काही पत्र आमच्याकडे आलेच नाही’ असे मला सांगण्यात आले. कोणताही कागद आवक क्रमांकाशिवाय देऊ नये.

त्यानंतरची त्रुटींची मालिका मला सर्वांत जास्त खटकली. प्रत्येक वेळी एकच त्रुटी काढली जाई. ती दुरुस्त करून सगळ्या सदस्यांसाठीच्या प्रती पुन्हा छापायच्या, स्पायरल बांधायच्या, मार्गदर्शक मॅडमची सही पुन्हा घ्यायची, आणि मग दुसरी त्रुटी निघायची, जी पहिल्या प्रतीतही तशीच समोर होती. एका विद्यार्थ्याचे कागद एकदा पूर्ण वाचून सगळ्या त्रुटी एकत्र कळवणे, ही काही मोठी अपेक्षा नाही. प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी विद्यापीठाला सादर करावा लागतो, आणि परवानगीआधी एकही नमुना घेता येत नाही. काम आधी करून परवानगी मागाहून घेण्याची पद्धत संशोधनात नाही आणि ती नसावीच. म्हणजे कार्यालयात गेलेला प्रत्येक आठवडा प्रयोगशाळेतल्या वेळेतून वजा होत होता. केआय-६७ दाखवणारी अँटिबॉडी मागवून ठेवावी तर तिलाही मुदत असते, ती दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि तिची किंमत विद्यार्थ्याच्याच खिशातून जाते.

त्यातच एक बैठक कोरम नसल्यामुळे झाली नाही. कमिटीत सात ते पंधरा सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, आणि बैठकीला किमान पाच जण हवेत. त्यांत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचे सदस्य आणि संस्थेबाहेरची किमान एक व्यक्ती असावी लागते. हा नियम मला पूर्ण मान्य आहे. डॉक्टरांनी डॉक्टरांच्या कामाला आपसात मान्यता द्यायची नाही, हेच त्यामागचे तत्त्व आहे. पण बैठक होणार नाही हे कार्यालयाला आदल्या दिवशीच ठाऊक होते, आणि मी मात्र सकाळपासून फाइल घेऊन सभागृहाबाहेरच्या बाकावर बसून होते.

पुढच्या बैठकीत मात्र मला आतापर्यंतच्या सगळ्या प्रवासातला सर्वांत चांगला प्रश्न विचारला गेला, आणि तो कुणा प्राध्यापकाने विचारला नाही. सामान्य नागरिक म्हणून नेमलेले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, ‘‘नाव पुसून टाकलंत आणि मग त्या तुकड्यात काही वाईट सापडलं, तर त्या माणसाला कसं सांगणार तुम्ही?’’ माझ्याकडे याचे उत्तर तयार होते आणि ते देताना मला अभिमान वाटला. जुने ब्लॉक निदान होऊन गेलेले आहेत, त्यांच्या बाबतीत रुग्णाला कळवण्याजोगे नवे काही नाही, म्हणून त्यांची ओळख कायमची पुसता येते. नव्याने येणाऱ्या फॉलिकलवर सांकेतिक क्रमांक राहील, क्रमांक आणि नाव यांची जुळणी मार्गदर्शक मॅडमच्या कुलूपबंद कपाटात राहील, आणि एखाद्या नमुन्यात सिस्टची किंवा गाठीची सुरुवात दिसली, तर नेहमीप्रमाणे अहवाल ओरल सर्जरी विभागाला जाऊन रुग्णाला बोलावले जाईल. सर समाधानाने मान हलवून म्हणाले, ‘‘मग ठीक आहे.’’ परवानगी त्याच बैठकीत मिळाली. सूटही मिळाली.

ज्यांना फक्त जुन्या, ओळख काढून टाकलेल्या ब्लॉकवर काम करायचे आहे, त्यांनी जलद पुनरावलोकनासाठी अर्ज करावा. उपचारानंतर उरलेल्या अशा नमुन्यांसाठी ती सोय आहे. माझ्या अभ्यासात नवे रुग्ण होते आणि त्यांत अठरा वर्षांखालील मुलेही येणार होती, म्हणून पूर्ण कमिटीसमोर जाणे भाग होते. दोन्ही भाग एकाच प्रस्तावात असतील तर पद्धती, संमती आणि गोपनीयता हे मुद्दे ‘भाग अ’ आणि ‘भाग ब’ असे वेगळे लिहावेत, म्हणजे वाचणाऱ्याला संमती कुठे घेतली जाणार आहे आणि सूट कुठे मागितली आहे, हे एका नजरेत कळते.

अठरा वर्षांखालील रुग्णांविषयी आणखी एक गोष्ट. पालकांची संमती पुरत नाही. बारा ते अठरा या वयात मुलाची किंवा मुलीची स्वतःची लेखी अनुमतीही लागते, आणि तिचा नमुना प्रस्तावासोबत मराठीत जोडावा लागतो. पहिल्याच आठवड्यात बारावीतली एक मुलगी आईसोबत आली होती. मी माहितीपत्रक वाचून दाखवले. आई म्हणाली, ‘‘डॉक्टर, टाकूनच देणार होता ना? मग न्या की.’’ मुलगी मात्र पत्रक स्वतः दुसऱ्यांदा वाचत बसली आणि तिने विचारले, ‘‘माझ्यात काही निघालं तर मलाच सांगाल ना, आईला आधी नको?’’ दोघींनाही एकत्रच सांगू, असे ठरले, तेव्हा तिने सही केली. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रात एक ओळ वाढवून भागवा, असे मला अनेकांनी सुचवले होते. तसे करू नये. दाढ काढण्याची संमती आणि ऊतक संशोधनाला देण्याची संमती यांचे कागद वेगळेच असावेत, आणि नाही म्हटले तरी उपचारात फरक पडणार नाही, हे पहिल्या पानावर ठळक असावे. काहींनी नकार दिला. त्यांचे फॉलिकल नेहमीप्रमाणे पिवळ्या पिशवीत गेले.

प्रयोगशाळेचे काम सुरळीत झाले, तरी दोन सूचना आठवल्या त्या लिहून ठेवते. फॉलिकल निघाल्याबरोबर दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये जायला हवा, म्हणून बाटल्या आदल्या दिवशीच भरून सर्जरीच्या टेबलाशेजारी ठेवाव्यात. आणि तो त्यात आठवडेच्या आठवडे पडू देऊ नये, कारण फार काळ राहिलेल्या ऊतकात अँटिजेन (अँटिबॉडी ज्याला चिकटते ते प्रथिन) झाकला जातो आणि केआय-६७ ची तपकिरी छटा फिकी येते. कॅसेटवर (ऊतकाचा तुकडा ठेवायच्या छोट्या डबीवर) आणि स्लाइडच्या खरखरीत टोकावर क्रमांक पेन्सिलनेच लिहावेत. अल्कोहोल आणि झायलीनमध्ये पेनची शाई धुऊन जाते, आणि सांकेतिक क्रमांक पुसला गेला तर कमिटीला दिलेले वचनही पुसले जाते.

परवानगीचे पत्र हातात पडले की आनंदाच्या भरात ते तसेच फाइलला लावू नये. खिडकीवर उभे राहूनच अभ्यासाचे शीर्षक सिनॉप्सिसमधील शीर्षकाशी शब्दशः जुळते का, सूट दिल्याचा उल्लेख आहे का, बैठकीची तारीख, सदस्य सचिवांची सही आणि शिक्का आहे का, हे तपासावे, कारण हेच पत्र पुढे प्रबंधात बांधले जाते आणि लेख पाठवताना नियतकालिकही त्याचाच क्रमांक मागते. माझ्या पत्रातून सूट दिल्याचे वाक्य गळले होते. त्याच दिवशी बैठकीच्या इतिवृत्ताचा दाखला देऊन अर्ज केला, आवक क्रमांक घेतला आणि दुरुस्त पत्र मिळेपर्यंत एकाही जुन्या ब्लॉकला हात लावला नाही.