नोंद ४: बत्तीस दिवे, `|=` आणि मास्कची रुंदी

हार्डवेअर मागच्या नोंदींतलंच: एटीमेगा३२८पी (एव्हीआर कुळातला मायक्रोकंट्रोलर), एकामागे एक जोडलेल्या चार ७४एचसी५९५ (प्रत्येकी आठ दिवे चालवणाऱ्या शिफ्ट रजिस्टर चिप) आणि प्रत्येक लाल दिव्याला ४७० ओहमचा रेझिस्टर. ५ व्होल्टवर दिव्यामागे साधारण ६ मिलिअँपिअर जातात. म्हणजे आठही पेटले तरी चिपमधून ५० च्या आसपास, आणि चिपची मर्यादा ७० ची.

दिव्यांची स्थिती ‘पट’ या ३२ बिटांच्या अनसाइन्ड (चिन्ह नसलेल्या) व्हेरिएबलमध्ये आहे, दिव्यामागे एक बिट. `|=` ने हवा तो बिट १ होतो; कोणता बिट हे सांगणारा उजवीकडचा आकडा म्हणजे मास्क, आणि तो `१` ला `क्र` घरं डावीकडे सरकवून (शिफ्ट करून) मिळतो. लावायला `पट |= १ << क्र;`, विझवायला `पट &= ~(१ << क्र);`. क्रमांक ० ते १४ ठीक चालतात. १५ लावला की १५ ते ३१ असे सतरा दिवे एकदम पेटतात, आणि १६ पासून पुढचा एकही लागत नाही. अशा वेळी वायरिंग उचकू नका, दोष `|=` च्या उजव्या बाजूला आहे. एव्हीआरच्या जीसीसी कंपायलरमध्ये इन्ट (पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार) १६ बिटांचा, आणि नुसता `१` म्हणजे इन्टच. पंधरा घरं सरकला की तो चिन्हाच्या बिटावर जाऊन बसतो आणि आकडा होतो -३२७६८. मग ३२ बिटांत बदलताना ते चिन्ह वरच्या सोळाही बिटांत पसरतं. डावी बाजू रुंद असली तरी शिफ्ट आधीच अरुंद घरात उरकलेला असतो. `१यूएल << क्र` लिहिलं की `१` सुरुवातीपासूनच ३२ बिटांचा अनसाइन्ड होतो आणि प्रश्न सुटतो.

पण हा शिफ्ट महाग आहे. एव्हीआर एका सूचनेत एकच घर सरकतो, त्यामुळे क्रमांक ३१ साठी लूप फिरून दोनशेच्या वर सायकली जातात. म्हणून आता ‘पट’ चार बाइटांचा अ‍ॅरे केला आहे आणि ‘मास्क’मध्ये १, २, ४ पासून १२८ पर्यंत आठ आकडे:

`पट[क्र >> ३] |= मास्क[क्र & ७];`

विझवताना `~` (प्रत्येक बिट उलटा करणारा) ऐवजी `!` (शून्य नसलेल्या आकड्याचं शून्य करणारा) पडला तर कंपायलर तक्रार करत नाही, पण `!मास्क[३]` म्हणजे शून्य, आणि त्या बाइटचे आठही दिवे जातात.

लुकलुकण्यासाठी टायमर इंटरप्टमध्ये (मुख्य लूप मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) बिट उलटा करणारा `^=` आहे. मुख्य लूपमधला `|=` म्हणजे वाचा, बदला, परत लिहा. वाचून झाल्यावर इंटरप्ट आला तर त्याने केलेला बदल जुन्या किमतीखाली पुसला जातो आणि दिव्याची एक लुकलुक चुकते. नुसतं व्होलाटाइल (किंमत दर वेळी मेमरीतूनच वाच, असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावून हे थांबत नाही. मुख्य लूपमधल्या त्या एका ओळीपुरते इंटरप्ट बंद ठेवावे लागतात.