वाइन तर्रीशी जुळवायची : माद्रिदच्या हिवाळ्यातल्या नोंदी

मंडळी, यंदाच्या हिवाळ्यात एकच उद्योग हाती घेतलाय. घरी रटरटत शिजवलेलं घेवड्याचं दाट सूप, म्हणजे इथलं ‘अलुबियास’, आणि त्यासोबत कुठली स्पॅनिश रेड खरोखर जमते ते बघायचं. बाटलीमागच्या लेबलवर ‘मटण, चीज, कडधान्यं’ असं सरसकट छापलेलं असतं, त्यातून काही बोध होत नाही.

आमच्याकडे दोन पातेली चढतात. एकात चोरिसो (डुकराच्या मांसाचं लाल तिखटातलं सॉसेज), मोर्सिया (रक्ताचं सॉसेज) आणि डुकराच्या चरबीचा तुकडा. दुसरं बिनमांसाचं, कारण बायको शाकाहारी. अशा पातेल्याला इथे ‘विधवा अलुबियास’ म्हणतात, आणि बायकोला हे नाव अजिबात आवडत नाही. पण प्रयोगासाठी याहून सोयीचं काय असणार? दाणे तेच, पाणी तेच, तिखट तेच. फरक फक्त चरबीचा. दोन महिन्यांत माझं मत पक्कं झालंय : वाइन घेवड्याशी जुळवत बसू नका. घेवडा बिचारा सगळ्यांशी जमवून घेतो. वाइन जुळवायची ती वरच्या तर्रीशी.

ऑक्टोबर : पातेलं

दाणे लिओन प्रांतातल्या ला बान्येसाचे घेतोय. त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे. त्यांतली ‘पिंता’ जात पाहिली की आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा आठवतो. दोघांचंही मूळ गाव अमेरिका, तेव्हा साम्य असण्यात नवल नाही.

रात्रभर भिजवायचे, भिजवलेलं पाणी टाकायचं, गार पाण्यात चढवायचे. उकळी फुटली की अर्धी वाटी गार पाणी ओतून ती मोडायची. इथे याला दाण्यांना ‘घाबरवणं’ म्हणतात. शेजारच्या आजी लिओनच्याच. त्या दोन-तीनदा घाबरवतात आणि मध्ये चमचा अजिबात घालत नाहीत, पातेल्याचे कान धरून नुसतं हलवतात. जोरदार उकळीत दाणे एकमेकांवर आपटून साल फाटते, ते यात टळतं. कुकरमध्ये वेळ वाचतो हे खरं, पण रस्सा गढूळ होतो आणि निम्मे दाणे फुटतात. घाईच्या दिवशी ठीक, रविवारी नको.

एक इशारा, विशेषतः लाल राजमा वापरणाऱ्यांसाठी. कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. किमान 10 मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय ते निकामी होत नाही. स्लो कुकरमध्ये थेट मंद आचेवर लावून झोपायला जाऊ नका. आधी खळखळून उकळा, मग घाबरवाघाबरवी.

माद्रिदचं पाणी डोंगरातून येतं आणि मऊ आहे, त्यामुळे दाणे लवकर शिजतात. जड पाण्यातलं कॅल्शियम सालीला घट्ट धरून ठेवतं. टोमॅटोचा आंबटपणाही तेच करतो, म्हणून टोमॅटो घालायचा तर दाणे मऊ झाल्यावरच.

आता तर्री. ऑलिव्ह तेलात कांदा, लसूण आणि भिजवून खरवडलेला चोरिसेरो मिरचीचा गर परतायचा. मग पॅन विस्तवावरून खाली उतरवायचा आणि त्यानंतरच पिमेंतोन, म्हणजे इथलं मिरचीचं तिखट, घालायचं, नाहीतर ते करपून कडू होतं. माझं पिमेंतोन ला वेरा भागातलं, कासेरेस प्रांतातलं. तिथे मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर दोनेक आठवडे वाळवतात. डबा उघडला की स्वयंपाकघरात चुलीचा वास पसरतो. हा धूर लक्षात ठेवा, पुढचा सगळा खेळ त्याच्यावर आहे.

नोव्हेंबर : बाटल्या

सुरुवात मुद्दाम वरच्या टोकापासून केली : रियोहा या वाइनच्या प्रदेशातली ग्रान रेसेर्वा. नियमाप्रमाणे हिला बाजारात यायला किमान 5 वर्षं लागतात, त्यातली किमान 2 ओकच्या पिंपात. नुसती प्यायली तर सुरेख. चामडं, तंबाखूचं सुकं पान, वाळलेलं अंजीर, असे एकामागून एक वास येत राहतात. मग चोरिसोवाल्या पातेल्यातला एक चमचा घेतला आणि पुन्हा घोट. सगळे वास गायब! धुरकट तर्रीने ते पुसून टाकले. मागे उरला आंबटपणा आणि थोडं लाकूड. वाइनमध्ये काही खोट नव्हती, पण पैसे पाण्यात, म्हणजे रश्श्यात. उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी जुन्या मांचेगो चीजबरोबर संपवली, तिथे ती पुन्हा राणी.

मग थेट खालच्या टोकाला : रियोहा आलावेसाची ताजी, तरुण रेड. मी लुइस कान्यास यांची ‘होवेन’ घेतली. या भागात जुनी पद्धत अशी, की द्राक्षांचे अख्खे घड न चिरडता टाकीत टाकतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात मणी आतल्या आतच आंबायला लागतात. त्यामुळे रंग जांभळा, फळाचा वास भरपूर आणि तुरटपणा कमी. फ्रिजमधून काढून साधारण 14 अंशांवर ओतली. बिनमांसाच्या पातेल्यासोबत ती इतकी जमली की बायकोने स्वतःहून दुसरा ग्लास भरून घेतला, आणि असं आमच्याकडे सहसा होत नाही. चोरिसोबरोबर मात्र जरा पोरकट वाटली.

तिसरी रिबेरा देल दुएरो या प्रदेशाची क्रियांसा, म्हणजे काही काळ पिंपात मुरवलेली रेड. द्राक्ष तेच, टेम्प्रानियो, पण इथे त्याला ‘तिंतो फिनो’ म्हणतात. उंच पठार, कडक उन्हाळा, थंड रात्री. रंग गडद, टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारं द्रव्य) भक्कम. हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण दोन्ही पातेल्यांतला फरक हिच्यात सर्वांत स्पष्ट दिसतो.

आधी चोरिसोवालं. चमच्यात तीन-चार दाणे, मोर्सियाचा कण आणि कडेने लाल तेलाचा तवंग येईल असा रस्सा घेतला. गिळल्यावर जिभेवर तेलाचा पातळ थर राहतो. त्यावर घोट घेतला की टॅनिन थेट हिरड्यांवर जाऊन बसत नाही. तो थर सोलून काढतो, आणि तोंड पुढच्या चमच्यासाठी मोकळं होतं. मीठही मदतीला असतं, खारट चोरिसोपुढे तुरटपणा नरम वाटतो. मग पाणी पिऊन, पावाचा तुकडा चावून तोंड साफ केलं आणि बिनमांसाच्या पातेल्याकडे वळलो. तोच ग्लास, तोच घोट. या वेळी वरच्या ओठाच्या आतली बाजू दातांना चिकटली, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होते तशी. टॅनिनला धरायला चरबी मिळाली नाही, तेव्हा त्याने लाळेतली प्रथिनं धरली. दाण्यांचा पिठूळपणा थोडं सांभाळून घेतो, पण चरबीची जागा भरून काढत नाही.

ही गोष्ट वाचून माहीत होतीच, पण एकाच टेबलावर दोन वाट्या शेजारी ठेवून बघा. पुन्हा पुस्तक उघडावं लागणार नाही.

यावर उपायही सापडला. लसूण आणि शिळ्या पावाचा तुकडा ऑलिव्ह तेलात खरपूस तळून, चार भाजलेले बदाम घालून खलबत्त्यात कुटायचे आणि शेवटच्या दहा मिनिटांत रश्श्यात सोडायचे. स्पॅनिश स्वयंपाकात हे ‘माहादो’ जागोजाग भेटतं. आपण आमटीत वाटण लावतो, त्याच हेतूने. वाढताना वरून चमचाभर कच्चं ऑलिव्ह तेल. एवढं केलं की बिनमांसाच्या पातेल्यालाही तर्री येते आणि मधल्या वजनाची रेड त्यावर आरामात बसते. रिबेरा तरीही जडच पडते.

मधल्या वजनाची म्हणजे कुठली?

बिएर्सोची, मेन्सिया नावाच्या द्राक्षाची रेड. या हिवाळ्यातली माझी पहिल्या नंबरची निवड. बिएर्सो लिओन प्रांतातच, म्हणजे दाण्यांचं आणि वाइनचं गाव एकाच पट्ट्यात. प्रिओरात या प्रदेशातल्या वाइन्समुळे गाजलेले अल्वारो पालासिओस आणि त्यांचा भाचा रिकार्दो पेरेस यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथल्या डोंगरउतारांवरच्या जुन्या वेली हाती घेतल्या, आणि मेन्सियाकडे जगाचं लक्ष गेलं. त्यांची ‘पेतालोस’ घेतली. लाल फळं, थोडा फुलांचा वास, मागे मिरपूड, आणि आंबटपणा नेमका. दाट रस्सा तोंडात पसरतो तेव्हा हा आंबटपणाच त्याला कापतो. पिंपाचा वास पुढे येत नाही, त्यामुळे पिमेंतोनच्या धुरावर आणखी एक धूर चढत नाही. चोरिसोवालं आणि माहादोवालं, दोन्ही पातेल्यांना एकच बाटली पुरली. दोन पातेल्यांच्या घरात याला किंमत आहे.

ग्रेदोसच्या डोंगरातली गार्नाचा (हेही द्राक्षाचं नाव) आवडली. माद्रिदच्या पश्चिमेला ग्रॅनाइटच्या जमिनीवर जुन्या वेली आहेत, आणि वाइनचा रंग इतका फिका की ग्लासमागचा मजकूर वाचता यावा. कोमांदो जी यांची ‘ला ब्रुहा दे रोसास’ गोड पिमेंतोनच्या रश्श्याबरोबर फार छान गेली. पण गार्नाचात अल्कोहोल बऱ्याचदा 14 टक्क्यांच्या वर असतो. मी एकदा तिखट पिमेंतोन वापरलं आणि घशात जाळ झाला. अल्कोहोल तिखटाला चेव आणतो. आपण मराठी माणसं सवयीने वरून एक मिरची जास्त टाकतो, तेव्हा हे ध्यानात ठेवा : झणझणीत करायचं असेल तर कमी अल्कोहोलची, गार केलेली तरुण रेड.

लिंबू पिळायची सवयही आवरा. जेवण वाइनपेक्षा आंबट झालं की वाइन बेचव लागते. तोलोसाच्या काळ्या घेवड्याबरोबर बास्क मंडळी इबार्राच्या व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या खातात. त्या मला जीव की प्राण आहेत. मी त्या खातो, मग पाव, मग घोट. क्रम मोडायचा नाही.

आणि हो, उत्तरेकडच्या आस्तुरियासमध्ये फाबादासोबत, म्हणजे तिथल्या पांढऱ्या घेवड्याच्या सूपसोबत, पुष्कळ लोक रेड पीतच नाहीत. हात डोक्यावर नेऊन उंचावरून धार धरलेली सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू, पितात, आणि ती उत्तम लागते. पण ही वही रेडची आहे.

डिसेंबर : सातारा

सुट्टीत घरी गेलो तेव्हा सामानात एक मेन्सिया आणि पिमेंतोनचा डबा होता. वाघ्या घेवड्याला तीच वागणूक दिली : भिजवणं, घाबरवणं, माहादो. वाघ्याची साल जरा पातळ वाटली, आणि त्याने पिंतापेक्षा रस्सा जास्त दाट केला. चवीला मला तो सरस वाटला, पण यात गावाचा अभिमान किती आणि जीभ किती, देव जाणे. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली. ‘रेड खोलीच्या तापमानाला’ हा नियम थंड देशातल्या खोल्यांचा. आपल्याकडे दुपारी तो पाळला तर ग्लासात फक्त अल्कोहोलचा वास येतो. बाबांचा शेरा : “नुसती आंबट आहे, पण रश्श्याबरोबर चालतेय.” याहून नेमकं मलाही लिहिता आलं नसतं. आईने ग्लासाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पिमेंतोनचा डबा मात्र ठेवून घेतला.

नाशिककडेही टेम्प्रानियोच्या वेली आहेत. तिकडच्या कुणाला पिंपात न ठेवलेली, तरुण बाटली मिळाली तर वाघ्याबरोबर घेऊन बघा आणि कळवा.

पुढच्या महिन्यासाठी सेगोव्हियाजवळच्या ला ग्रान्हाचे ‘हुदियोनेस’ आणलेत, अंगठ्याएवढे पांढरे दाणे. त्यांच्यासमोर हुमियाची, मोनास्त्रेल द्राक्षाची रेड उघडणार आहे. ती दणकट आहे, लेबलवर 14.5 टक्के लिहिलंय, म्हणून डुकराचा कान आणि चोरिसो दोन्ही पडतील, पिमेंतोन फक्त गोडच. बिनमांसाच्या पातेल्यासाठी आलावेसाची एक बाटली बाजूला काढून ठेवली आहे.