खाकरला एकदाचा!

आज सकाळपासून गॅरेजमध्येच. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा 1961 चा कब कॅडेट, म्हणजे बागेतला छोटा ट्रॅक्टर, पिवळा-पांढरा, एकच सिलिंडर, 7 हॉर्सपॉवर. ठिणगीच पडेना. पत्रा काढला तर आत उंदरांचा संसार: गवत, कापूस, अक्रोडाची टरफलं! (बायको म्हणाली, निदान कोणाच्या तरी उपयोगी पडला.) ते उपसलं, पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) घासले, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून 20 थाऊची, म्हणजे इंचाच्या 20 हजारांश भागाची, फट ठेवली. इथले ओहायोतले शेजारी आजोबा कुंपणावरून सूचना देतच होते. चौथ्यांदा स्टार्टर मारल्यावर खाकरला, निळा धूर ओकला आणि लागला धडधडायला.

साताऱ्याला बाबांना व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "आवाज बरा आहे. पण एवढ्याशाने नांगरट होते का रे?"

होते बाबा, एका फाळाचा नांगर मिळतो याला. तो आता शोधायचाय. बायकोला अजून बोललो नाहीये.