एडमंटन ते व्हेग्रेव्हिल : अल्बर्टातल्या युक्रेनियन पट्ट्याची सहल

एडमंटनहून यलोहेड महामार्गाने, म्हणजे १६ नंबरच्या हायवेने, पूर्वेला निघालं की तासाभराच्या टापूत कॅनडातल्या युक्रेनियन वस्तीचा जुना पट्टा लागतो. १८९१ मध्ये आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या नेबिलिव्ह गावचे इव्हान पिलिपिव्ह आणि वासिल एलेनियाक कॅनडात उतरले. त्यांच्या मागोमाग तिकडच्याच गॅलिशिया आणि बुकोव्हिना प्रांतांचे शेतकरी आले. १० डॉलर नोंदणी फी भरली की १६० एकर जमीन मिळत होती. २०२१ च्या जनगणनेत आपलं मूळ युक्रेनियन सांगणारे कॅनडात साडेबारा लाखांवर भरले. त्यामुळे इथल्या उत्सवांना गर्दी असते ती घरच्याच मंडळींची. जे जपलंय ते मात्र बहुतेक पहिल्या महायुद्धाआधीच्या खेड्यातलं. आजचं कीव्ह शोधायला इथे येऊ नये.

निघण्याआधी एडमंटनच्या सिटी हॉलपाशी थोडा वेळ काढा. १९३२-३३ च्या होलोदोमोर, म्हणजे सोव्हिएत काळातल्या युक्रेनमधल्या दुष्काळातल्या मृतांचं स्मारक तिथे आहे, १९८३ चं. अशा सार्वजनिक स्मारकांत जगातलं पहिलं. बाकी पट्ट्याला दोन दिवस पुरतात, पण जुनं गाव आणि व्हेग्रेव्हिलचा उत्सव एकाच दिवशी कोंबू नका.

जुनं गाव म्हणजे युक्रेनियन कल्चरल हेरिटेज व्हिलेज हे उघड्यावरचं संग्रहालय, एडमंटनपासून साधारण ५० किलोमीटरवर. शहर बसने तिथे पोचता येत नाही, गाडी भाड्याने घ्यावी लागते. मेमधल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंतच हंगाम. आठवड्यातले उघडे वार बदलतात, तेव्हा आधी बघून घ्या, आणि सकाळी दार उघडताच आत शिरा. आसपासच्या खेड्यांतून उचलून आणलेल्या तीसहून अधिक मूळ इमारती आहेत. १८९२ ते १९३० चा काळ. चार तासांखाली पाहून होत नाही.

सुरुवात बुर्देईपासून करा. जमिनीत कमरेइतका खड्डा, वर झाडाच्या दांड्यांचा उतार आणि त्यावर गवताच्या मुळांसकट कापलेली ढेपळं. पहिला हिवाळा, कधी दोन-तीनही, कुटुंब अशाच खोपटात काढायचं. तिथून पुढच्या लाकडी घरात गेलात की फरक अंगावर येतो. भिंतींच्या ओंडक्यांवर माती, बारीक कापलेला पेंढा आणि शेण कालवून केलेला गिलावा, वर चुन्याची सफेदी. तो गिलावा मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको. घराचं तोंड दक्षिणेला, खोल्या दोन. पश्चिमेच्या खोलीत मातीची मोठी भट्टी, आणि तिथेच सगळा संसार. पूर्वेची खोली पाहुण्यांची. पूर्वेच्या भिंतीवर देवाच्या तसबिरी आणि त्यांवर भरतकामाचे लांब टॉवेल.

इथली मंडळी त्या काळातल्या माणसांच्या भूमिकेत असतात, हे माहीत नसलं की पंचाईत होते. १९१८ च्या शेतकरणीला ‘हे संग्रहालय कधी सुरू झालं?’ विचारलंत तर ती नुसती बघत राहील. तिला विचारा की गव्हाला भाव काय मिळाला, मुलीच्या लग्नात काय द्यावं लागलं, डॉक्टर किती मैलांवर आहे. मग अर्धा तास कसा गेला कळत नाही. ऑगस्टमध्ये इथे ‘युक्रेनियन डे’ असतो. नाच-गाणी भरपूर, पण घरांत इतकी रेटारेटी की हे बोलणं होत नाही. आमचं मत : गावाला साधा वार, नाचाला व्हेग्रेव्हिल.

खाण्याचं सांगायचं तर पिरोही सगळीकडे मिळतात. आकार करंजीचा, आत बटाटा आणि चीज किंवा पनीरसारखं ताजं चीज, पाण्यात उकळून वर लोण्यात परतलेला कांदा. शाकाहारी असाल तर दोन प्रश्न आधीच विचारा : वर बेकन घातलंय का, आणि बोर्श्ट, म्हणजे बीटचं सूप, कशाच्या स्टॉकमध्ये शिजवलाय? बीटचा रंग बघून फसायला होतं. स्टॉक बऱ्याचदा हाडांचा असतो. कोबीच्या पानात भात गुंडाळलेले होलुब्त्सी बिनमांसाचेही करतात, तरी विचारूनच घ्या. मांसाहाऱ्यांनी वाटेत मुंडारेला थांबून धुरावलेलं कोव्बासा सॉसेज खावं. त्याचा ४२ फुटी पुतळाच चौकात उभा आहे.

व्हेग्रेव्हिल एडमंटनपासून शंभर किलोमीटरवर. तिथलं प्रचंड पिसांका, म्हणजे रंगवलेलं अंडं, १९७५ चं. युटा विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ रोनाल्ड रेश यांनी भूमितीतून ते उभं केलं : अॅल्युमिनियमचे २,२०८ समभुज त्रिकोण आणि ५२४ तारकाकृती तुकडे. वाऱ्याबरोबर ते फिरतं, म्हणून फोटोला घाई करू नका. थोडं थांबलं की दुसरी बाजू समोर येते.

गावचा पिसांका उत्सव बहुधा जुलैच्या सुरुवातीला, कॅनडा डेच्या आसपास असतो. त्या आठवड्यात गावात ऐनवेळी खोली मिळेल या भरवशावर जाऊ नका. एडमंटनमध्ये मुक्काम ठेवून ये-जा सोपी. नाच बघायला पहिली रांग पकडू नका. वर बसा, तरच वर्तुळं आणि रांगांची नक्षी दिसते. लाल बूट आणि रिबिनी लावलेली फुलांची वेणी दिसली की मध्य युक्रेनमधल्या पोल्टावा भागाचा नाच. मेंढीच्या कातड्याची बंडी आणि हातात छोटी कुऱ्हाड म्हणजे कार्पेथियन डोंगरातले हुत्सुल. बैठका आणि उड्यांचा होपाक बहुधा शेवटी असतो, तेव्हा मध्येच जेवायला उठू नका. संध्याकाळच्या झाबावात, म्हणजे सार्वजनिक नाचात, कोलोमिय्का हा नाच सुरू झाला की लोक कडं करतात आणि मधे एकेक जण करामती दाखवतो. कड्यात उभं राहून टाळ्या वाजवा, पण मधून आडवं जाऊ नका. कुणाचा तरी बूट छातीच्या उंचीला फिरत असतो. सिंबाली हे संतूरच्या जातीचं वाद्य ऐकायला मिळालं तर सोडू नका.

पिसांका रंगवायचा वर्ग सापडला तर अडीच-तीन तास हाताशी ठेवा. युनेस्कोने २०२४ मध्ये ही कला वारसा यादीत घेतली. पद्धत बाटिकची : जो रंग राखायचा त्यावर मेण. आधी पांढऱ्या रेषा झाकायच्या, मग पिवळ्यात बुडवायचं, पिवळं झाकायचं, मग केशरी, लाल, शेवटी काळा. उलट जाता येत नाही. किस्त्का, म्हणजे मेणाची लेखणी, फार तापली की मेणाचा थेंब पडतो, आणि तिथे पुढचा रंग धरतच नाही. म्हणून दर वेळी आधी कागदावर टेकवून पाहा. रेघ ओढताना हात स्थिर ठेवा आणि अंडं फिरवा. बोटांना क्रीम किंवा तेल असेल तर रंगात ठसे उमटतात. शेवटी मेण वितळवताना अंडं ज्योतीच्या बाजूला धरा, वर नको. वर काजळी धरते.

गाडी उजव्या बाजूने चालवायची आहे आणि भाड्याच्या गाडीला क्रेडिट कार्ड लागतं. भारतातून येणाऱ्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा. जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण खरा धोका संधिप्रकाशातच : हरणं आणि मूस (प्रचंड आकाराची हरणं) रस्त्यावर येतात. दुपारी गडगडाट होऊन गारा पडू शकतात, आणि पावसानंतर जुन्या गावातल्या मातीच्या वाटा चिखलाने भरतात. बंद बूट, डासांचं मलम आणि एक स्वेटर हवाच. सॉसेज इथेच संपवा, भारतात नेता येत नाही. पिसांका विकत घेताना आतला बलक काढलाय ना ते विचारा. भरलेल्या अंड्यात वायू साठून ते फुटलं तर बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना वास लागतो. रिकामं अंडं पुठ्ठ्याच्या अंड्यांच्या खोक्यात, कापूस लावून, हातातल्या सामानात न्या.