शांघायमध्ये १२७ सेकंद अडकलेला गेम

आमच्या पाच-विरुद्ध-पाच मोबाइल गेमचा चीनसाठीचा बिल्ड (ॲपची तयार आवृत्ती) शांघायमध्ये, पब्लिशरच्या ऑफिसात पहिल्यांदा खऱ्या फोनांवर चालवला तेव्हा मे महिना संपत आला होता. टेबलावर शाओमी, ओप्पो, विवो, हुआवे असे फोन होते. सिम तीन कंपन्यांची होती: चायना मोबाइल, युनिकॉम आणि टेलिकॉम. कागदपत्रांचं काम झालेलं होतं. परदेशी कंपनीला तिथे ऑनलाइन गेम स्वतः चालवता येत नाही, स्थानिक पब्लिशर लागतोच. शिवाय सरकारच्या वृत्त व प्रकाशन खात्याचा प्रकाशन क्रमांक नसेल तर खेळाडूंकडून एक युआनही घेता येत नाही. मार्च ते डिसेंबर २०१८ आणि पुन्हा जुलै २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात हे क्रमांक देणंच बंद होतं. त्यामुळे क्रमांक हातात आहे म्हटल्यावर सगळ्यांना वाटत होतं, अवघड भाग सरला.

पण प्रत्येक फोनवर लोडिंगचा पट्टा एकाच जागी थांबला. एरर नाही, क्रॅश नाही. वेळ मोजली तर दोन मिनिटं सात सेकंद, आणि मग गेम काही झालंच नाही असा पुढे सरकला.

नेटवर्कवर काम केलेल्याला हा आकडा लगेच ओळखू येतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स ही प्रणाली आहे. जोडणी मागणाऱ्या पहिल्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या पहिल्या तुकड्याला, उत्तर आलं नाही, तर त्या फोनांतला लिनक्स १, २, ४, ८, १६, ३२ सेकंद अशी दुप्पट होत जाणारी वाट पाहत ते पुन्हा पाठवतो, आणि शेवटी ६४ सेकंद थांबून नाद सोडतो. बेरीज १२७. म्हणजे गेममधलं कुणीतरी टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मुदत, न लावता अशा पत्त्याशी बोलू पाहत होतं, जिथून उत्तर येणारच नव्हतं.

एका रूट केलेल्या (पूर्ण ताबा मिळवलेल्या) फोनवर टीसीपीडम्प हे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन लावलं आणि चोर सापडला. चीनमध्ये गूगल बंद असतं, म्हणून आमच्या कोडमधून गूगलचं सगळं काढलेलं होतं. पण जाहिरातींचा हिशेब ठेवणाऱ्या एका लायब्ररीच्या (बाहेरून घेतलेल्या तयार कोडच्या) आत दुसरी लायब्ररी होती, आणि ती सुरू होताना गूगलच्या डोमेनला हाक मारत होती. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसने पत्ता दिला होता, फक्त तो गूगलचा नव्हता. खरं उत्तर पोचायच्या आत खोटं उत्तर घुसवायचं, ही तिथल्या फायरवॉलची, म्हणजे इंटरनेट अडवणाऱ्या सरकारी यंत्रणेची, जुनी पद्धत आहे. दुसरी पद्धत वेगळी दिसते: एन्क्रिप्टेड जोडणीच्या पहिल्याच पॅकेटमध्ये डोमेनचं नाव उघडं असतं, ते नकोसं असेल तर सर्व्हरच्या नावाने बनावट रिसेट (जोडणी तोडा सांगणारं) पॅकेट येतं आणि जोडणी तत्क्षणी तुटते. रिसेट आलेलं परवडतं, लॉगमध्ये निदान काहीतरी उमटतं. गप्प गिळलेलं पॅकेट शोधायला पूर्ण दिवस जातो.

म्हणून चीनचा बिल्ड घरीच तपासायचा असेल तर राउटरवर गूगल, फेसबुक यांचे पत्ते बंद करा, पण ‘रिजेक्ट’ने नाही, पॅकेट गुपचूप टाकून देणाऱ्या ‘ड्रॉप’ने. रिजेक्ट लगेच नकार कळवतो, गेम पटकन पुढे जातो आणि खरा दोष झाकलेलाच राहतो. तयार एपीके (अँड्रॉइड ॲपची) फाइल उलगडून तिच्यातली सगळी डोमेनं शोधणंही तितकंच गरजेचं. फायरबेस, गूगल लॉगिन, रीकॅप्चा अशा गूगलच्या सेवांपैकी काहीही राहता कामा नये. नोटिफिकेशनसाठी फोन बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची आपापली सेवा जोडावी लागते.

दुपारी खऱ्या नावाची नोंदणी तपासली. नाव आणि अठरा अंकी ओळखपत्र क्रमांक राष्ट्रीय यंत्रणेकडे जातो. सप्टेंबर २०२१ पासून अठराखालच्या मुलांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्यांना रात्री ८ ते ९ खेळता येतं. आमचा सामना वीस मिनिटांचा. मुलांची नव्या सामन्यासाठीची रांग ८:४० लाच बंद केली नाही, तर नऊच्या ठोक्याला चालू सामन्यातून गडी गायब होतात आणि उरलेले हकनाक हरतात. फोनच्या घड्याळावर भरवसा ठेवायचा नाही, सर्व्हरवर बीजिंगची वेळ धरायची. सुट्ट्यांची यादी दरवर्षी नव्याने जाहीर होते, ती कोडमध्ये गोठवायची नाही.

सगळ्यात जास्त वेळ चॅटने खाल्ला. निषिद्ध शब्दांची एकच सरकारी यादी कुणी हातात देत नाही. जबाबदारी कंपनीची, म्हणून प्रत्येक कंपनी आपापली यादी वाढवत राहते. टोरोंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने २०१७ मध्ये दोनशेहून अधिक चिनी गेममधल्या याद्या ताडून पाहिल्या होत्या, तेव्हाही त्या एकमेकींशी फारशा जुळल्या नव्हत्या. आमच्या पब्लिशरच्या यादीत ६४ हा आकडा होता. १९८९ च्या ४ जूनला तिआनमेनमध्ये जे घडलं त्याची ती खूण. फिल्टर पडद्यावर मजकूर उमटतो त्या थरावर बसवलेला होता, त्यामुळे खेळात कुणाला ६४ चा मार बसला की त्या आकड्याच्या जागीही, अडवलेल्या शब्दांसारखेच, तारे (***) झळकू लागले. फिल्टर तिथून काढून फक्त खेळाडूच्या हाताने आलेल्या मजकुरावर लावला: टोपणनाव, संघाचं नाव, चॅट.

अडवलेला संदेश पाठवणाऱ्याला मात्र तसाच दिसू द्यायचा, अशी पब्लिशरची सूचना होती. आम्ही ती मान्य केली नाही, त्यालाही तारेच दाखवले. माणसाचं बोलणं पोचलं नाही, हे निदान त्याला तरी कळलं पाहिजे.

संध्याकाळी शेवटची मागणी आली. ४ जूनच्या आसपास टोपणनाव आणि चित्र बदलणं बंद करता यावं. चीनमधल्या बऱ्याच सेवा त्या दिवसांत ‘देखभाल चालू आहे’ असं सांगून हेच करतात. हा स्विच सर्व्हरवरच हवा, कारण चीनमध्ये गूगल प्ले नाही. प्रत्येक अँड्रॉइड स्टोअरची तपासणी वेगळी असते आणि ॲप बदलून वेळेत पोचत नाही. आमच्याकडे तो लावताच नवी खातीही उघडेनाशी झाली, कारण नाव लिहिणं ही नोंदणीचीच पहिली पायरी. तेव्हा आधीच मंजूर शब्दांच्या दोन याद्या केल्या, विशेषणांची आणि प्राण्यांची, आणि नव्या खेळाडूला त्यांतून जोडून नाव देण्याची सोय केली. ६ जूनला स्विच काढल्यावर ते नाव एकदा फुकट बदलता येईल, एवढी भर आम्ही आमच्या बाजूने घातली.